अंगणातल्या पाखरांना लागले-खुपले तर



या पानावर आम्ही एरवी लिहितो ते बेणेप्रक्रिया, लागण, खोडवा आणि पाचट यांबद्दल. या खेपेचा विषय पाहून कोणी म्हणेल, "ऊस विकास अधिकाऱ्यांनी ऊस सोडून कोंबड्या कधीपासून धरल्या?" प्रश्न रास्त आहे. परंतु उसाची नोंद घ्यायला, तोडीचा कार्यक्रम सांगायला आम्ही वर्षभर आपल्या वस्त्यांवर येतो, तेव्हा उसाबरोबर आपली अंगणेही पाहतो. बहुतेक वस्तीवर चार-दोन गावठी कोंबड्या असतात, कुठे माडीवर हौसेची कबुतरे असतात, आणि हल्ली पोरांच्या हट्टापायी पिंजऱ्यातली रंगीत पाखरेही आलेली दिसतात. उसाचे बिल यायचे तेव्हा येते. अंड्याचा पैसा मात्र घरातल्या बाईच्या हातात आठवड्याला पडतो. पोरांच्या वह्या, मीठ-मिरची, एसटीचे भाडे त्यातच भागते. म्हणून एखादी कोंबडी गेली तर "कोंबडीच तर होती" असे म्हणणे हिशेबालाही धरून नाही.

हा लेख लिहिण्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे, आणि ते सांगताना आम्हाला थोडे खाली पाहावे लागते.

तीन वर्षांपूर्वीच्या गळीत हंगामात आम्ही एका सभासदांच्या वस्तीवर गेलो होतो. शेजारच्या फडाची तोड चालू होती. ऊस पडू लागला की आत दडलेली मुंगसे आणि रानमांजरे वस्तीकडे सरकतात, हा दरवर्षीचा अनुभव. आम्ही ओसरीवर बसतो न बसतो तोच मागे कालवा झाला. मुंगसाने एक तलंग धरली होती. घरातली सहावीतली मुलगी काठी घेऊन धावली, मुंगूस पळाले, आणि मुलगी ती तलंग पोटाशी धरून पुढच्या अंगणात आली. पंखाखाली दातांच्या दोन खुणा, थोडी पिसे उपटलेली. रक्त म्हणाल तर चमचाभरही नव्हते.

मग काय, सगळे गोळा झाले. आजीने तंबाखू चोळून आणली, कोणी हळद आणली, कोणी म्हणाले चुना लावा. आम्ही शिकलेले, आम्ही म्हटले, "आधी पाणी पाजा, घाबरलीय ती." एवढ्यावर थांबलो नाही. तिची चोच दोन बोटांनी उघडली आणि तांब्याने पाणी ओतले. तलंगेने घशात एकदा घुर्र केले, पाय ताणले आणि मान टाकली.

मुलगी रडली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, "काका, पाणी पाजल्यावर मेली का ती?"

आम्ही म्हटले, "नाही गं बाळ, मुंगसाचे दात लागले होते."

आठवड्याने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दुसऱ्या कामाने जाणे झाले, तेव्हा डॉक्टरसाहेबांना ही हकिगत सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "अर्धी मुंगसाने मारली असंल साहेब, उरलेली तुम्ही." त्यानंतर आम्ही त्यांच्याकडे पुन:पुन्हा जाऊन विचारले, टिपून घेतले, आणि त्यातले बरेचसे वस्त्यांवर करूनही पाहिले. त्याचे सार एवढेच की किरकोळ जखमेने पाखरू क्वचित मरते; घाईच्या हातांनी ते जास्त मरते. आधी काय करू नये हे कळले की निम्मा प्रथमोपचार झाला.

पाखराचे अंग वेगळे असते

गाई-म्हशीवर जे चालते ते कोंबडीवर चालेलच असे नाही. पाच गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) श्वास : आपल्या छातीच्या खाली स्नायूंचा पडदा असतो. पाखराला तो नसतो. छातीचे हाड आणि बरगड्या हलवूनच ते हवा आत-बाहेर करते. म्हणून छाती मुठीत आवळली तर नाक-तोंड मोकळे असूनही ते गुदमरते. पोरे प्रेमाने पाखरू घट्ट धरतात, तेव्हा हेच होते.

२) घसा : पाखराच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे उघडते. चोच उघडून ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकते. आमच्या हातून झाले ते हेच.

३) रक्त : दीड किलोच्या कोंबडीच्या अंगात रक्त साधारण १०० मिलिलिटर, म्हणजे एक चहाचा कप. साडेतीनशे ग्रॅमच्या कबुतरात सुमारे २५ मिलिलिटर, म्हणजे पाच चमचे. बजरीगर म्हणून जे छोटे रंगीत पाखरू असते, ज्याला आपल्याकडे सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात, त्याचे वजनच ३०-३५ ग्रॅम. त्यात रक्त अडीच-तीन मिलिलिटर. अंगातल्या रक्ताचा दहावा हिस्सा गेला तर धडधाकट पाखरू तो सोसते. कोंबडीचा दहावा हिस्सा म्हणजे दोन चमचे. बजरीगरचा म्हणजे पाच-सहा थेंब. तेव्हा "थोडंच तर आलंय" असे म्हणण्यापूर्वी पाखरू केवढे आहे ते पाहावे.

४) ऊब : पाखराच्या अंगाचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते, आपले ३७. ही ऊब पिसे राखतात. घाबरलेले, रक्त गेलेले किंवा भिजलेले पाखरू झपाट्याने गार पडते.

५) लपवणे : रानात अशक्त दिसणारा जीव आधी धरला जातो, म्हणून पाखरू दुखणे शेवटपर्यंत लपवते. पिसे फुगवून, डोळे मिटून एका जागी बसलेले पाखरू 'आराम' करीत नसते. ते बरेच खचलेले असते.

आधी खोका, मग औषध

पाखराला लागले की पहिले काम जखम पाहण्याचे नाही. रक्त वाहात असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा आणि त्याच वेळी दुसऱ्याला खोका आणायला सांगा.

पकडताना अंगावर सुती फडके टाकावे, म्हणजे डोळ्यांवर अंधार येतो आणि फडफड थांबते. कोंबडीचे दोन्ही पंख अंगाशी मिटवून, एक हात खालून घालून उचलावी. एका पंखाला किंवा पायाला धरून उलटी लोंबकळत नेऊ नये. बाजारात नेतात तसे तर नाहीच. बजरीगरसारखे पाखरू तळहातात पाठीवर घेऊन मान दोन बोटांच्या मध्ये राहील असे धरावे. छातीवर बोट दाबू नये.

खोका म्हणजे पुठ्ठ्याचा साधा बॉक्स. बाजूंना चार-सहा भोके पाडावीत, तळाशी जुने सुती कापड अंथरावे, वरून झाकण लावावे. गारठा असेल तर बाटलीत कोमट पाणी भरून, फडक्यात गुंडाळून, खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी. पाखराला नको वाटले तर त्याला दुसरीकडे सरकता आले पाहिजे. खोक्यात ३० अंशांच्या आसपास ऊब पुरते. चोच उघडी टाकून धापा टाकू लागले, पंख अंगापासून दूर धरले, तर ऊब जास्त झाली, बाटली काढावी.

खोका चुलीजवळ ठेवू नये. ऊब मिळते खरी, पण धूर पाखराला फार लवकर बाधतो. मुंग्या लागणार नाहीत, मांजर पोचणार नाही आणि पोरे दर पाच मिनिटांनी झाकण उघडणार नाहीत, अशी जागा शोधावी. तिसरी अट पाळून घेणे सर्वांत अवघड, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

अर्धा ते एक तास पाखराला अंधारात, उबेत, शांत ठेवावे. रक्त थांबलेले असेल तर जखमेची साफसफाई त्यानंतरच. ते सावध होऊन पायांवर उभे राहिले की उथळ वाटीत पाणी समोर ठेवावे. प्यायचे तर ते आपण होऊन पिईल. ओतणे नाही, चमचा नाही, कापसाने घशात पिळणे नाही.

जखमेप्रमाणे उपचार

नखी तुटणे : खुराड्याच्या जाळीत किंवा पिंजऱ्यात नखी अडकून तुटते. आत रक्तवाहिनी असल्याने जखमेच्या मानाने रक्त बरेच दिसते. टोकावर कॉर्नफ्लॉवर किंवा कणीक चिमटीत घेऊन दोन-तीन मिनिटे दाबून धरावी. न्हाव्याच्या पेटीतली तुरटीही नखीच्या टोकाला चालते. हे सर्व फक्त नखी आणि चोचीचे टोक यांपुरते. कातडीच्या जखमेत पीठ भरू नये. ते आत कुजते.

रक्ताचे पीस : नवे पीस उगवताना त्याच्या नळीत रक्त खेळते असते. असे पीस मध्येच मोडले की थेंब थेंब गळत राहते. स्वच्छ कापसाने किंवा कापडाने तेवढाच भाग पाच मिनिटे दाबावा. दर अर्ध्या मिनिटाला बोट काढून "थांबलं का" पाहू नये. धरलेली गाठ त्यानेच सुटते. न थांबल्यास दवाखान्यात न्यावे. पीस घरी उपटू नये. ओढताना कातडी फाटते, आणि पंखाचे पीस तर हाडापर्यंत रुजलेले असते.

खरचटणे, टोचणे, कोंबड्यांची झुंज : तुऱ्यातून रक्त फार येते, पण दाबले की थांबते. इतर जखमेसाठी मिठाचे पाणी करावे. एक लिटर पाणी उकळून घ्यावे, त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा, विरघळवावे आणि कोमट होऊ द्यावे. फवारणीच्या औषधाचे प्रमाण आपण चुकवत नाही, तसे हेही अंदाजाने करू नये. जास्त मीठ झोंबते आणि मांस कोरडे पाडते. सुई काढलेल्या पिचकारीने किंवा स्वच्छ कापडाने हळूहळू धार सोडून माती, काडीकचरा धुऊन काढावा. मग पोव्हिडोन आयोडीनचे औषध पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून टिपावे. बाटलीतले जसेच्या तसे लावू नये. जखमेच्या कडेची पिसे आत शिरत असतील तर ती बोथट टोकाच्या कात्रीने कापावीत.

एक गोष्ट विसरू नका. लाल रंग दिसला की कळपातल्या बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचतात आणि लहान जखमेचा खड्डा करतात. जखम सुकून खपली धरेपर्यंत जखमी कोंबडी डालग्याखाली वेगळी ठेवावी. शक्य तर बाकीच्या तिला दिसतील अशी ठेवावी, म्हणजे परत सोडताना कळप तिला परकी समजून मारत नाही.

पायाला दोरा : कबुतरांत हे फार. केस, पोत्याचा धागा, मांजा बोटांना गुंडाळतो, आवळतो आणि बोट सुजून काळे पडते. कोमट पाण्यात पाय भिजवून, लहान कात्रीने धागा कापून, एकेक वेढा सोडवावा. ओढू नये. बोट काळे व गार पडले असेल तर काम डॉक्टरांचे. संक्रांत ऐन गळिताच्या दिवसांत येते. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो झाडा-तारांवर लोंबताना दिसतो. आपल्या पोरांच्या हातात तो नसावा, आणि दिसेल तिथे गुंडाळून नष्ट करावा. हाही प्रथमोपचारच.

पंख लोंबणे : एक पंख खाली ओघळला असेल तर हाड मोडले असण्याचा संभव. घरी खपच्या बांधू नयेत. बेताच्या आकाराच्या खोक्यात पाखरू ठेवले की फडफड होत नाही, तेवढेच बंधन पुरे. कातडी फाटून हाड बाहेर दिसत असेल तर त्यावर पाण्याची धार मारू नये. पंखाचे खांद्याकडचे हाड आतून पोकळ असते आणि श्वासाच्या हवेच्या पिशव्यांना जोडलेले असते; तिथून पाणी थेट श्वासमार्गात जाते. ओले स्वच्छ कापड ठेवून दवाखाना गाठावा. पाखराचे हाड साधारण तीन आठवड्यांत जुळते. ऐकायला बरे वाटते, पण वाकडे राहिले तर वाकडेच जुळते. म्हणून "बघू पुढच्या बाजाराला" असे करू नये.

मांजर किंवा मुंगसाचा दात : ही जखम दिसते किरकोळ, असते मोठी. दात सुईसारखे खोल जातात, वरची कातडी मिटते आणि आत विष राहते. मांजराच्या लाळेत असे जंतू असतात की ते रक्तात भिनले तर पाखरू दोन-तीन दिवसांत दगावते. भोक कितीही बारीक असो, मिठाच्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. त्याला जंतुनाशक औषधाची गरज असते. आमच्या हातून गेलेली ती तलंग पाणी न पाजता, खोक्यात घालून त्याच दुपारी दवाखान्यात नेली असती, तर कदाचित वाचली असती. कदाचित नसतीही. पण तिला तेवढी संधी मिळायला हवी होती.

आणि माणसांचे सांगतो : कोंबडी सोडवताना मुंगूस, मांजर, कुत्रे आपल्यालाच चावले किंवा ओरखडले, तर आधी ती जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पिसाळीच्या रोगाला लस आहे. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय नाही. कोंबडीच्या गडबडीत माणूस विसरू नये.

हे करू नये

१) तेल, तूप, व्हॅसलीन, चिकट मलम लावू नये. पिसे चिकटतात, ऊब जाते.

२) तंबाखू, मिश्री, चुना, रॉकेल, फिनेल लावू नये. जनावराच्या जखमेत अळ्या पडल्यावर आपण टर्पेंटाईन वापरतो, ते पाखराला अजिबात नको. जखमी कोंबडी माश्यांपासून झाकून ठेवावी. अळ्या दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना.

३) हळदीबद्दल विचाराल तर : वरवरच्या खरचटण्याला चिमूटभर लावल्याने बिघडत नाही, पण खोल जखमेत कोंबू नये. डॉक्टरांना जखम दिसत नाही आणि आतली घाण आतच राहते.

४) माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या कुटून देऊ नयेत. डायक्लोफिनॅक दिलेली जनावरे मेल्यावर ती खाऊन आपल्या देशातली गिधाडे मेली, इतकी की २००६ साली हे औषध जनावरांसाठी बंद करावे लागले. आपल्या अंगदुखीवरचे औषध पाखराला विष ठरू शकते, याचा यापेक्षा मोठा दाखला नको.

५) चिकटपट्टी गुंडाळू नये. काढताना कातडीही निघते.

६) तोंडात पाणी ओतू नये. हे आम्ही तिसऱ्यांदा लिहितो आहोत, त्याबद्दल क्षमा असावी.

घरात ठेवायची पेटी

बिस्किटांचा रिकामा डबा घ्यावा. त्यात स्वच्छ सुती कापडाचे तुकडे, बोथट टोकाची लहान कात्री, चिमटा, पोव्हिडोन आयोडीनची लहान बाटली, बिनसुईची पिचकारी, कॉर्नफ्लॉवरची पुडी, तुरटीचा खडा आणि मिठाची पुडी ठेवावी. झाकणाच्या आत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर लिहून चिकटवावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे; तोही लिहावा. वेळेवर नंबर शोधत बसण्यात पाखराचा अर्धा जीव जातो.

दवाखाना केव्हा?

दहा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नसेल, पाखरू चोच उघडी ठेवून किंवा शेपूट वर-खाली करीत श्वास घेत असेल, पंख किंवा पाय लोंबत असेल, डोळ्याला लागले असेल, जखमेला वास येत असेल, दात लागला असेल, किंवा कोंबडी दिवसभर आणि लहान पाखरू चार-सहा तास काही खात नसेल, तर घरगुती उपाय थांबवावेत.

डॉक्टरांनी औषध दिले तर एक प्रश्न आवर्जून विचारावा : "हिची अंडी किती दिवस खायची नाहीत?" औषधाचा अंश अंड्यात उतरतो. तेवढे दिवस ती अंडी घरातही नकोत आणि बाजारातही नकोत.

जखमी पाखरू हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. आणि जखम नसताना दोन-चार कोंबड्या एकाएकी मेल्या, तोंड-तुरा निळसर पडला, तर तो प्रथमोपचाराचा विषय नव्हे. आपल्या देशात कोंबड्यांतला बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो २००६ साली, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. अशा वेळी मेलेली पाखरे हाताने उचलू नयेत, ओढ्यात फेकू नयेत, विकू तर मुळीच नयेत. लगेच पशुसंवर्धन खात्याला कळवावे.

पोपटाबद्दल दोन शब्द

काही घरांत पिंजऱ्यात पोपट दिसतो. हौस जुनी असली तरी आपल्या रानातला पोपट पाळणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. तोडीच्या वेळी फडात घरटे सापडते, घुबडाचे किंवा घारीचे पिल्लू मिळते, मोर जखमी सापडतो. त्यांनाही खोक्याची ऊब आणि अंधार द्यावा, पण पाळण्यासाठी नव्हे. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून त्यांच्या स्वाधीन करावे. आपल्या टोळीतल्या मजूर बंधू-भगिनींनाही हे समजावून सांगावे. त्यांच्या कोप्यांजवळही कोंबड्या असतात, आणि वर लिहिलेले सर्व काही त्यांच्याही उपयोगाचे आहे.

शेवटी

दवाखान्यातून आल्यावर पुढच्या फेरीत आम्ही त्या वस्तीवर मुद्दाम गेलो. मुलीला सांगितले, "बाळ, तू विचारलं होतंस ना, ते खरं होतं. पाण्यानंच गेली असावी ती. चूक माझी." आजी म्हणाली, "सायेब, कोंबडीसाठी कुठं एवढं मनाला लावून घेता?" मुलगी काही बोलली नाही. तिने फक्त विचारले, "मग काय करायचं असतं?" आम्ही जे टिपले होते ते तिला सांगितले, आणि तिने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले.

गेल्या हंगामात तोडीची चिठ्ठी घेऊन गेलो, तर ओसरीच्या कोपऱ्यात भोके पाडलेला एक खोका होता. वर विटेचे वजन. आम्ही उघडायला वाकलो तशी मुलगी आतून ओरडली, "काका, उघडू नका! मांजरानं धरली होती सकाळी. धुतलीय, आयोडीन लावलंय. दादा येईल आता, मग दवाखान्यात नेणार आहे."

आम्ही हात मागे घेतला. थोडे थांबून ती म्हणाली, "आणि पाणी नाही पाजलं."

ती कोंबडी वाचली. सध्या ती खुडूक बसली असल्याचे कळते.



आपला,
ऊस विकास अधिकारी